सायकल खांद्यावर घेणाऱ्यांची शर्यत

आजचा विषय आहे सायक्लोक्रॉस. नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही, एखादी क्लिप मात्र रील्समध्ये नक्की पाहिली असेल. चिखलाने माखलेली माणसं महागडी रेसिंग सायकल खांद्यावर टाकून टेकडी चढतायत, आणि बाजूला लोक घंटा वाजवतायत. बघणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो, की चालवायची नाही तर सायकल आणली कशाला?

त्याचं उत्तर शोधायचं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे, फ्रान्समध्ये जावं लागतं.

हा हिवाळ्यातला खेळ. रस्त्यावरच्या शर्यती उन्हाळ्यात व्हायच्या. थंडीत पाय मोकळे ठेवायचे तर काय करणार? असं सांगतात, की सायकलपटू एका गावातून दिसणारं दुसऱ्या गावाच्या चर्चचं टोक धरायचे आणि शेतं, कुंपणं, ओढे ओलांडत थेट तिकडे निघायचे. वाट कुठलीही घ्या, आधी पोहोचेल तो जिंकला. जिथे सायकल चालणार नाही तिथे ती उचलायची. पळाल्यामुळे गोठलेले पायही गरम व्हायचे.

या उद्योगाला शर्यतीचं रूप दिलं डॅनिएल गुसो नावाच्या फ्रेंच सैनिकाने. १९०२ साली त्याने फ्रान्सची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. पुढे १९१० मध्ये बेल्जियमने स्वतःची सुरू केली, आणि हळूहळू शेजारच्या देशांत खेळ पसरला.

आता इथे दोन माणसं भेटतात, आणि दोघांची गोष्ट एकाच डोंगरावर घडते.

पहिला ऑक्टाव्ह लापीझ. १९०७ चा फ्रान्सचा सायक्लोक्रॉस विजेता. १९१० मध्ये टूर द फ्रान्सच्या आयोजकांनी पहिल्यांदाच शर्यत पिरेनीजच्या उंच खिंडींतून नेली. त्यातली एक तुर्माले, उंची २,१०० मीटरच्या वर. कच्चा रस्ता, जड सायकल, आजच्यासारखे गिअर नाहीत. त्या चढावर गुस्ताव्ह गारिगू एकदाही खाली उतरला नाही, आणि त्याबद्दल त्याला १०० फ्रँकचं खास बक्षीस मिळालं. पण माथ्यावर पहिला कोण पोहोचला? लापीझ. तो कधी सायकल चालवत, कधी उतरून ढकलत गेला होता! त्या वर्षीची टूरही त्यानेच जिंकली, आणि त्याचं श्रेय हिवाळ्यातल्या सायक्लोक्रॉसच्या सरावाला दिलं. त्यानंतर या खेळाकडे लोक गांभीर्याने बघायला लागले.

दुसरा युजीन क्रिस्तोफ. हा तर १९०९ ते १९१४ सलग सहा वर्षं फ्रान्सचा सायक्लोक्रॉस विजेता. १९१३ च्या टूरमध्ये तो तुर्माले उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटाच मोडला. नियम असा होता, की दुरुस्ती स्वतःच करायची, कुणाची मदत घ्यायची नाही. गड्याने सायकल उचलली आणि दहा किलोमीटरहून जास्त अंतर पायी उतरून सेंत-मारी-द-कांपां गाव गाठलं. तिथे लोहाराचा भाता होता. क्रिस्तोफ मुळात कुलुपं बनवण्याचं काम शिकलेला. अधिकारी समोर उभे, आणि हा स्वतःच्या हाताने फोर्क जोडतोय. काही तास गेले. दोन्ही हात कामात असल्यामुळे भाता एका पोराने ओढला, तर त्या मदतीबद्दलही त्याला वेळेचा दंड झाला. एवढं होऊनही त्याने टूर पूर्ण केली, सातव्या क्रमांकावर.

मला ही गोष्ट का महत्त्वाची वाटते सांगतो. टूरच्या तेव्हाच्या नियमात सायकल मोडणं म्हणजे तुमचा दिवस संपला. आजच्या सायक्लोक्रॉसमध्ये मात्र मार्गावर ठरलेली जागा असते, तिला पिट म्हणतात. तिथे तुमचा माणूस दुसरी, धुतलेली सायकल घेऊन उभा असतो. तुम्ही चिखलाने जड झालेली सायकल त्याच्या हातात द्यायची आणि नवी घेऊन सुटायचं. सगळं कायदेशीर! या खेळात सायकल बिघडणार, माणूस उतरणार, घसरणार, हे नियम लिहितानाच धरलेलं आहे. आपण कोड लिहिताना एरर येणारच असं धरून चालतो ना, तसंच.

मार्ग साधारण तीन किलोमीटरचा, त्याच्या फेऱ्या मारायच्या. वरच्या गटात पुरुषांची शर्यत तासाभराची. वाटेत फळ्यांचे अडथळे, जास्तीत जास्त ४० सेंटीमीटर उंच. काही पट्टीचे गडी त्यावरून सायकलसकट उडी मारतात, बाकीचे उतरून पळतात.

जागतिक स्पर्धा सुरू झाली १९५० मध्ये, पॅरिसला. ती जिंकली ज्याँ रोबिकने, जो १९४७ चा टूर विजेताही होता. पुढे खेळाचं घर झालं बेल्जियम. तिथल्या एरिक दे व्ह्लामिंकने १९६६ ते १९७३ दरम्यान सात जागतिक विजेतेपदं मिळवली. २०१२ ची स्पर्धा बेल्जियममध्येच, कोकसाइडच्या वाळूत झाली, तेव्हा पुरुषांच्या गटात पहिले सातही बेल्जियन होते!

पण एक आकडा खटकतो. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली २००० साली. म्हणजे पुरुषांनंतर पूर्ण पन्नास वर्षांनी. घसरणाऱ्याला, उतरणाऱ्याला सांभाळून घेणाऱ्या खेळाने अर्ध्या माणसांना इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलं. पहिली विजेती जर्मनीची हांका कुप्फरनागेल. नंतर नेदरलँड्सच्या मारियाने व्हॉसने आठ विजेतेपदं घेतली, दे व्ह्लामिंकपेक्षा एक जास्त.

हे सगळं मी वाचलं, कारण कामानिमित्त मी आइंडहोवनला असतो आणि गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा नवख्यांच्या गटात उतरलो. अर्ध्या तासाची शर्यत, साधी माउंटन बाइक चालते. डाव्या बाजूने उतरायचं, कारण चेन उजवीकडे. मग उजवा हात फ्रेममधून घालून सायकल खांद्यावर. तिसऱ्या फेरीत चिखलाने चाकच फिरेना. सिंहगडाच्या चढावर पाय टेकला की पोरं वर्षभर चिडवायची, ते डोक्यात पक्कं बसलेलं. इथे पाय टेकला तर बाजूच्या आजीबाई ओरडल्या, ‘पळ, पळ!’ पुढचे मला एक फेरी मागे टाकून गेले, त्यांच्या आधी चढावर पोहोचलेले दोघं तर सायकल घेऊन माझ्याच शेजारी पळत होते. मी शेवटून चौथा आलो.

युरोपात हंगाम साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतो. तुमच्यापैकी कुणी तिकडे शिकायला किंवा नोकरीला असाल, तर जवळच्या क्लबची नवख्यांची शर्यत बघा. दुसरे कोरडे मोजे सोबत न्या, आणि टायरमधली हवा नेहमीपेक्षा बरीच कमी ठेवा, चिखलात पकड मिळते. भाग आवडला तर सायकलवेड्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात!