वही कोण छापणार? लेखक, छापखाना आणि मधला माणूस

गेल्या महिन्यात रेवसला आमचा अभ्यासवर्ग होता. वर्ग संपल्यावर बारावीतल्या एका मुलीने तीन वह्या पुढे केल्या. आजी सांगत गेली, नातीने लिहून काढलं. खोताच्या शेतावरची वेठ, भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर डोक्यावरून वाहिलेल्या पाट्या, १९५६ नंतर घरातून बाहेर काढलेले देव. सगळं आजीच्या बोलीत.

या वह्या एका प्रकाशकाकडे जाऊन आल्या होत्या. उत्तर आलं होतं, भाषा थोडी सौम्य करा, छपाईचा खर्च तुम्ही द्या आणि सोबतच्या कागदावर सही करा. त्या कागदावर एकच ओळ होती, ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे.’ मुलीने विचारलं, “दादा, इंग्रजी लेखकांना एजंट असतो म्हणतात. आपल्याला का नाही?”

प्रश्न बिनतोड आहे. लंडन-न्यूयॉर्कमध्ये लिटररी एजंट हस्तलिखित वाचतो, योग्य प्रकाशक शोधतो, करारात लेखकाच्या बाजूने भांडतो आणि लेखकाच्या कमाईतला साधारण पंधरा टक्के हिस्सा घेतो. मराठीत ही पद्धत रुजलीच नाही. इथे लेखक थेट प्रकाशकाच्या दारात जातो. ज्याची ओळख, त्याला दार उघडतं. ज्याच्या आडनावाला ओळख नाही, त्याने काय करायचं?

याचं उत्तर आपल्या इतिहासात आहे.

१९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही. जाहिरातीलाच जागा नाही, तिथे लेखाला कुठून मिळणार? शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि पाक्षिक उभं राहिलं. १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ निघाला. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे भरत. पुढे चळवळीने स्वतःचा छापखाना उभारला. दार उघडत नव्हतं म्हणून आपण घरच बांधलं.

दुसरा धडा १९३६ चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषण वाचल्यावर मंडळी बिचकली. काही भाग गाळा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. इंग्रजी आवृत्तीच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. ‘सौम्य करा’ म्हणणाऱ्यांना वाचकांनी दिलेलं हे उत्तर आहे.

पण स्वाभिमान म्हणजे मदत नाकारणं नव्हे, हेही बाबासाहेबांकडूनच शिकावं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या इंग्रजी ग्रंथाच्या छपाईचा खर्च मोठा होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात अशी विनंती केली. दुसऱ्याच दिवशी नकार आला. ग्रंथ बाहेर पडला तो १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. देशाची घटना घडवणारा माणूस प्रती विकत घ्या म्हणून पत्र लिहितो, यात कमीपणा नाही. लिहिलेलं वाचकापर्यंत नेणं हेही काम आहे.

तिसरा धडा फलटणच्या बेबीताई कांबळे यांचा. त्यांनी वीस वर्षं नवऱ्यापासून आणि मुलापासून लपवून लिहिलं. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाअभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना ते लिखाण कळलं आणि त्यांनी ते छापायला प्रोत्साहन दिलं. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आलं, १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. मधला माणूस खरा असला तर काय होतं, ते इथे दिसतं.

आपल्या जिल्ह्यातही असा माणूस होऊन गेला. महाड सत्याग्रहाच्या संघटकांपैकी एक असलेले आर. बी. मोरे यांची आत्मकथा अपुरी राहिली होती. ती लोकांपर्यंत पोचवली त्यांच्या मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी. मुलाने ते मनावर घेतलं नसतं, तर महाडच्या सत्याग्रहाची आतली कितीतरी हकिगत पेटीतच राहिली असती.

म्हणून लिहिणाऱ्या पोरापोरींना आमचं सांगणं. मूळ वही कोणाला देऊ नका, फोटोप्रत द्या. व्याकरणाच्या चुका सुधारू द्या, पण बोली आणि राग सुधारू देऊ नका. कोऱ्या किंवा एका ओळीच्या कागदावर सही करू नका. १९५७ चा कॉपीराइट कायदा तुमच्या बाजूने आहे. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता. मानधन किती, अनुवादाचे हक्क कोणाकडे, हे सहीआधी विचारा. विचारलं म्हणून चिडणारा प्रकाशक आपला नव्हे.

आणि कार्यकर्त्यांना एक प्रश्न. जयंतीच्या डीजेसाठी आपण वर्गणी काढतो. एका आजीच्या तीनशे प्रतींसाठी का काढू नये? प्रत्येक वस्तीत दोघांनी तरी मधल्या माणसाचं काम अंगावर घ्यावं. वही टाइप करावी, करार वाचावा, मासिकाकडे पाठवावी आणि नकार आला तर पुन्हा पाठवावी. त्यासाठी टक्के घेऊ नयेत आणि मजकुरावर आपली मालकी सांगू नये.

रेवसच्या त्या तीन वह्यांपैकी पहिली टाइप करून झाली आहे. कागदावर सही झालेली नाही. आजीचा एकही शब्द आम्ही बदललेला नाही.

जयभीम!