चर्चची शाळा, पोरांची भाषा

मल्याळम भाषेत शाळेसाठी एक जुना शब्द आहे, पळ्ळिक्कूडम. पळ्ळी म्हणजे देवाचं घर. केरळातले ख्रिस्ती लोक चर्चलाही पळ्ळीच म्हणतात. म्हणजे शाळेच्या नावातच देवाचं घर आहे. तिथले एक धर्मगुरू, चावरा (पुढे २०१४ साली त्यांना संतपद मिळालं), यांनी १८६४ च्या सुमारास आदेश काढला की प्रत्येक चर्चला जोडून शाळा असलीच पाहिजे. तिकडे अमेरिकेत १८८४ साली बाल्टिमोर शहरात बिशपांची परिषद भरली, तिनेही जवळजवळ हाच ठराव केला.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. आमच्या लातूर-नांदेडकडे कितीतरी गावांच्या पहिल्या शाळा मारुतीच्या देवळात नाही तर मठाच्या ओसरीत भरल्या. पण पुढे सरकारची किंवा संस्थेची इमारत झाली की शाळा देवळातून उठून जायची आणि संबंध संपायचा. कॅथलिक लोकांत तो संपत नाही. त्यांचा धर्मग्राम (इंग्रजीत पॅरिश म्हणतात तो) आणि त्याची शाळा एकाच आवारात शंभर-दीडशे वर्षं नांदतात. इतका लांबचा संसार झाला की एकाचा परिणाम दुसऱ्यावर होणारच. तो कसा झाला, विशेषतः भाषेवर, हे मला पाहायचं होतं. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाची नजर तिकडेच जाणार!

उदाहरण घेतो मुंबईच्या वांद्र्याचं. तिथे हिल रोडवर सेंट पीटर चर्च आहे आणि त्याच्या शेजारीच सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल. दोन्ही जेझुइट धर्मगुरूंनी चालवलेली. शाळा १८६३ सालची. सुरुवात झाली ती अनाथ मुलांच्या आश्रमापासून, आणि पुढे ती मुलांचं नावाजलेलं हायस्कूल झाली. मुंबईच्या उपनगरांतली इंग्रजी माध्यमाची पहिली शाळा म्हणून तिचं नाव घेतात.

आता त्या वेळचं वांद्रे डोळ्यांपुढे आणा. आजचे सिनेनटांचे बंगले विसरा. भातशेती, माड, मासेमारी, रानवर, चिंबई, चुईम, पाली अशी खेडी. माहीमच्या खाडीवरचा रस्ता १८४५ साली झाला, तोवर पलीकडे जायचं तर होडी. इथले कॅथलिक लोक पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्याच मोहिमेत साष्टीही मराठ्यांकडे आली. युरोपीय पाद्री निघून गेले आणि चर्च सांभाळली ती गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंनी. १७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनी घेतली. एवढी राज्यं बदलली, पण घरातली भाषा बदलली नाही. ती मराठीच होती, तिथल्या बोलीतली. लग्नात उंबराचं पाणी आणायचा विधी, त्या वेळची गाणी, बायकांचं लुगडं, सगळं आपल्याच मुलखातलं.

अशा गावात शाळा निघाली, आणि ती इंग्रजी निघाली. का?

बी.एड.ला आपण सगळ्यांनी वूडचा खलिता पाठ केलेला आहे. साल १८५४. त्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू केली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ आलं, त्याबरोबर मॅट्रिकची परीक्षा आली. १८६७ मध्ये विरारपर्यंत आगगाडी धावू लागली. म्हणजे इंग्रजी येणाऱ्या पोराला कचेरी, रेल्वे, गोदी, पेढी अशा सगळ्या वाटा मोकळ्या. आणि इंग्रजी न येणाऱ्याला? बापाचं शेत किंवा बापाचं जाळं. चर्चच्या माणसांनी पोरांच्या पोटाचा विचार केला, यात त्यांना दोष देता येत नाही.

नोकरीचं महत्त्व किती होतं याची खूण त्या समाजाच्या नावातच आहे. गोव्याचे आणि मंगळूरचे कॅथलिक मुंबईत कामाला येऊ लागले. तेही ख्रिस्ती, त्यांचीही आडनावं तशीच. मग इथल्या मूळच्या लोकांनी आपण वेगळे हे दाखवायला १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले आम्ही जुने लोक, हा त्यातला अर्थ. मराठी बोलणाऱ्या, मुंबईच्या मातीतल्या माणसांनी स्वतःला इंग्रजी नाव लावून घेतलं!

आता एक गंमत सांगतो. हे सगळं वाचताना मला सर्वात नवल वाटलं ते याचंच. या शाळेत इंग्रजी ही मातृभाषा होती कुणाची? पोरांची तर नव्हतीच. बरं, शिकवणाऱ्या धर्मगुरूंची तरी? त्यांचीही नाही. मुंबईचे जेझुइट १८५४ पासून आले ते मुख्यतः जर्मन आणि स्विस. पहिलं महायुद्ध लागलं तसे हे जर्मन धर्मगुरू इंग्रज सरकारच्या लेखी शत्रूचे नागरिक ठरले. त्यांच्यापैकी अनेकांना आपल्या शेजारच्या अहमदनगरच्या छावणीत कैदेत ठेवलं आणि पुढे १९१५-१६ मध्ये बोटीत बसवून परत पाठवलं. हयात इथे घालवलेली माणसं होती ती. मग १९२० नंतर त्यांच्या जागी आले स्पेनचे जेझुइट. म्हणजे जर्मन गेले, स्पॅनिश आले, पुढे भारतीय आले. गुरू बदलत गेले, पण वर्गातली भाषा तीच राहिली, जी जवळजवळ कुणाच्याच आईची नव्हती.

त्याच चर्चचा जुना इतिहास मात्र उलटा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने अस्सल इंग्रज. १५७९ साली गोव्यात आला. इथली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' त्याने मराठीत रचलं. १६१६ साली राशोल इथे ते छापलं गेलं. मराठी भाषेची त्याने केलेली स्तुती आपण शाळेत शिकवतो. इंग्रज माणसाने ख्रिस्ताची कथा मराठीत सांगितली, आणि अडीचशे वर्षांनी जर्मन माणसांनी मराठी पोरांना इंग्रजीत शिकवलं. स्टीफन्सला लोकांच्या मनात शिरायचं होतं, तर वांद्र्याच्या धर्मगुरूंना पोरांना नोकरीत शिरवायचं होतं. हेतू बदलला की भाषा बदलते, दुसरं काय.

शाळेने धर्मग्रामाला काय दिलं हे नाकारून चालणार नाही. पिढ्यान् पिढ्यांना पोटाला लावलं. शिस्त दिली. मैदान दिलं, आणि त्या मैदानाने देशाला हॉकीपटू दिले. जोकिम कार्व्हालो १९८४ च्या ऑलिंपिकला खेळले, वीरेन रस्किन्हा २००४ च्या. दोघेही याच शाळेचे. शाळा फक्त कॅथलिकांची राहिली नाही, सगळ्या जातिधर्मांची पोरं तिथे शिकली. आणि त्या बदल्यात गेलं काय? शाळेतली भाषा पोरगा आधी गल्लीत घेऊन आला, मग घरात आला, मग बाप होऊन आपल्या लेकरांशी तीच बोलू लागला. मराठी उरली आजीच्या तोंडी आणि लग्नातल्या गाण्यांत. दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते ६५) झाली, आणि लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत मिस्सा करायची मोकळीक मिळाली. पण वांद्र्याच्या पुष्कळ घरांत तोवर 'लोकांची भाषा' म्हणजे इंग्रजी होऊन बसली होती. चर्चने भाषा घालवली असं मी म्हणणार नाही. पण चर्चच्या शाळेची भाषा हळूहळू चर्चची भाषा झाली, एवढं मात्र दिसतं.

आमच्या मराठवाड्यातल्या माणसाला हे लवकर समजतं. आमच्या वडिलांची पिढी निजामाच्या राज्यात शिकली. हायस्कूलचं शिक्षण उर्दूतून. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. नोकरी हवी तर उर्दू हवी, हा साधा हिशोब होता. म्हणजे वांद्र्याच्या माणसापुढे जो प्रश्न होता तोच आमच्यापुढे. फरक इतकाच की आमच्याकडे काही माणसांनी स्वतःच्या शाळा काढल्या त्या राज्यकर्त्यांच्या भाषेला पर्याय म्हणून. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते, पुढे ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. या शाळांतून बाहेर पडलेल्या पोरांना नोकऱ्या किती लागल्या ते सोडा, पण हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात ती पोरं दिसली. आपल्या भाषेत शिकलेला पोरगा आपल्या लोकांशी बोलू शकतो, त्यांना उठवू शकतो. हा फायदा कुठल्या परीक्षेच्या निकालात दिसत नाही.

आणि नेमकं हेच कॅथलिक समाजातही घडलेलं आहे, वांद्र्यापासून फार लांब नाही, वसईत. तिथल्या कॅथलिकांनी घरात आपल्या बोली जपल्या आणि चर्चमध्ये मराठी ठेवली. नंदाखालचं पवित्र आत्म्याचं चर्च सोळाव्या शतकातलं. त्याच गावात सेंट जोसेफ ही मराठी माध्यमाची शाळा. त्या शाळेत शिकलेला एक मुलगा पुढे धर्मगुरू झाला. 'सुवार्ता' मासिकाचा १९८३ ते २००७ संपादक राहिला. 'सुबोध बायबल' या त्याच्या अनुवादाला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वसईची हिरवाई वाचवायला लढे झाले, त्यात हा पाद्री हिंदू-ख्रिस्ती शेतकऱ्यांना एकत्र घेऊन उभा राहिला. तुम्ही ओळखलंच असेल, फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं आमच्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला. अध्यक्ष फादर दिब्रिटो. हा मान मिळालेले ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीवर काहींनी आक्षेप घेतले, पण संमेलन झालं आणि चांगलं झालं. उर्दूच्या राज्यात ज्यांनी मराठी जपली त्या मुलखात, पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या राज्यात ज्यांनी मराठी जपली त्या समाजाचा माणूस अध्यक्ष होऊन आला, हे मला फार योग्य वाटलं होतं. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्या दिवशी माझ्या मनात आलं, नंदाखालची ती शाळा इंग्रजी असती तर? दिब्रिटो धर्मगुरू झाले असते, विद्वानही झाले असते. पण धाराशिवच्या मांडवात बसलेल्या आमच्या शेतकरी मास्तरांना ते आपले वाटले असते का?

हे वाचून वसईकर मंडळी म्हणतील, सर, आता आमच्याकडेही इंग्रजी शाळांत रांगा आहेत. खरं आहे. आमच्याकडे तरी वेगळं काय? आमच्या तालुक्यात पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेला जाणारी लेकरं रोज सकाळी दिसतात, आणि मराठी शाळेतले मास्तर पट टिकवायला उन्हाळ्यात घरोघर फिरतात. नातेवाईकहो, तुमची-आमची नातवंडंही त्याच बसमध्ये आहेत, तेव्हा कुणी कुणाला बोल लावायचा? २०२० साली सरकारने कायदा करून सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला. म्हणजे आज वांद्र्याच्या त्या शाळेतही मराठीचा तास असतो. चांगलंच आहे. पण विषय म्हणून शिकलेली भाषा परीक्षेला उपयोगी पडते आणि ज्या भाषेत विचार केला ती आयुष्याला, हे मी वर्गात इतकी वर्षं पाहिलेलं आहे.

वांद्र्याच्या आणि नंदाखालच्या शाळा दोन्ही चर्चच्याच. दोन्ही ठिकाणी धर्मगुरूंनी पोरांचं भलंच चिंतलं. एका शाळेने पोराला जगात जायची वाट दिली, दुसरीने आपल्या माणसांत राहून मोठं व्हायची. सरकारी शाळेची भाषा सरकार ठरवतं. पण जी शाळा एखाद्या समाजाची स्वतःची असते, मग ती चर्चची असो, मठाची असो की गावातल्या शिक्षण संस्थेची, तिची भाषा तो समाज ठरवतो. ती ठरवताना आपण फक्त पोराच्या नोकरीचा निर्णय घेतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याची नातवंडं देवापुढे कोणत्या भाषेत हात जोडतील आणि लग्नात कोणती गाणी म्हणतील, तेही त्याच दिवशी ठरून जातं. दीडशे वर्षांपूर्वी वांद्र्यात हे कुणाला दिसणं शक्य नव्हतं. आपल्यापुढे मात्र त्यांचं उदाहरण आहे.