छापील भविष्य आणि हाताने लिहिलेले हवामान

सोळाव्या शतकातील प्राग शहर म्हटले की विज्ञानाच्या शिक्षकांना टायको ब्राहे आणि केप्लर आठवतात. ब्राहे तेथे १५९९ मध्ये आले, केप्लर १६०० मध्ये. पण त्याआधी कित्येक वर्षे बोहेमियातील सामान्य वाचकाच्या हाती चेक भाषेतले एक छापील साहित्य दर वर्षी पडत होते आणि त्यात आकाशाविषयी पुष्कळ मजकूर असे. हे साहित्य म्हणजे वार्षिक पंचांग. चेक लोक त्याला ‘मिनुत्से’ म्हणत.

मिनुत्सेत सणवार, चंद्राच्या कला, पेरणीस बरे दिवस आणि शरीरातील रक्त काढून घेण्यास योग्य दिवस दिलेले असत. रक्त काढणे हा तेव्हा सर्वमान्य उपचार होता. त्याच्या जोडीला ‘प्रानोस्तिका’ म्हणजे येत्या वर्षाचे भविष्य असे: पाऊसपाणी, पीक, रोगराई, युद्ध. ग्रहांच्या स्थितीवरून काढलेल्या या भविष्याला आजच्या अर्थाने काहीही आधार नव्हता.

मात्र ते लिहिणारे अडाणी नव्हते. तादेआश हायेक या वैद्याचेच उदाहरण घ्या. त्यांनी अशी पंचांगे लिहिली. मात्तिओली यांच्या प्रसिद्ध वनस्पतिग्रंथाचे त्यांनी केलेले चेक भाषांतर १५६२ मध्ये मेलान्त्रिख यांच्या छापखान्यातून निघाले. १५७२ मध्ये आकाशात एक नवा तारा दिसू लागला, तेव्हा त्याचा पराशय मोजण्याचा प्रयत्न करून तो चंद्राच्या पलीकडे आहे असे त्यांनी प्रतिपादन केले. चंद्रापलीकडचे आकाश कधी बदलत नाही, या अॅरिस्टॉटलच्या मताला हा धक्का होता. रक्त काढण्याचे मुहूर्त आणि ताऱ्याचे अंतर हे दोन्ही एकाच माणसाच्या टेबलावर होते. हे आपल्याला विचित्र वाटते; त्यांना तसे वाटण्याचे कारण नव्हते, कारण दोहोंचा पाया ग्रहगणितच होता.

१५७७ च्या नोव्हेंबरात मोठा धूमकेतू दिसला. त्याविषयी प्रागमध्ये निघालेले एक पत्रक आजही पुस्तकांत छापले जाते. त्याचा मजकूर प्रागच्या विद्यापीठातील प्राध्यापक पेत्र कोदिसिल यांचा. शीर्षकातच धूमकेतू ‘भयंकर’ म्हटलेला, म्हणजे भीतीचा धंदा आहेच. पण सोबतचे लाकडी ठशाचे चित्र नीट पाहावे. शेपटी पसरलेल्या धूमकेतूखाली एक माणूस कंदिलाच्या उजेडात त्याचे चित्र काढतो आहे. एका चित्रात भीती आणि निरीक्षण शेजारी शेजारी आहेत. वर्गात दाखवण्याजोगे यापेक्षा चांगले चित्र मला तरी माहीत नाही. (या धूमकेतूच्या बाबतीत हायेक मात्र चुकले. त्यांनी तो चंद्राच्या अलीकडे ठरवला. तो पलीकडे असल्याचे ब्राहे यांनी दाखवले.)

त्या छापील भविष्यांचा आज विज्ञानाला उपयोग नाही. उपयोग झाला तो त्यांच्या शेजारच्या कोऱ्या जागेचा. तारखांचे छापील पुस्तक हाती आले की लोक त्या त्या तारखेपुढे काहीबाही लिहू लागले: मुलाचा जन्म, देणेघेणे, गारपीट. प्रकाशकांनाही हे कळले होते. मेलान्त्रिख यांचे जावई दानिएल आदाम वेलेस्लावीन यांनी १५७८ मध्ये ‘ऐतिहासिक दिनदर्शिका’ काढली. तिच्यात वर्षाच्या प्रत्येक दिवशी पूर्वी काय घडले ते दिले होते, आणि मालकाला आपल्या नोंदी करण्यास जागाही होती. १५९० मध्ये तिची वाढवलेली आवृत्ती निघाली.

काहींनी हवामान रोज लिहिले. मोराव्हियातील यान कुनोवित्से या सरदाराच्या १५३३ ते १५४५ या काळातील नोंदी उपलब्ध आहेत. रुदोल्फ ब्राझ्दिल आणि ओल्द्रझिख कोतिझा या चेक अभ्यासकांनी अशा नोंदी गोळा करून १९९६ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तापमापक नसताना ‘आज पाऊस’, ‘आज बर्फ’ एवढ्या नोंदीवरून काय कळणार? पुष्कळ कळते. हिवाळ्यात जितके दिवस काही ना काही पडले, त्यांपैकी किती दिवस बर्फ होते हे मोजायचे. हे प्रमाण जितके मोठे, तितका हिवाळा सामान्यतः थंड. आजच्या मोजमापांशी हा संबंध पडताळून पाहता येतो आणि मग तो जुन्या नोंदींना लावता येतो. प्रागच्या क्लेमेंटिनम वेधशाळेतील तापमानाच्या नियमित नोंदी १७७५ पासूनच्या आहेत. त्यामागे आणखी दोन-अडीच शतके जायचे तर असाच आधार घ्यावा लागतो.

यात एक खाचखळगा आहे आणि तोही पंचांगाचाच. बोहेमियाने ग्रेगरियन कालगणना १५८४ मध्ये स्वीकारली. त्या वर्षी ६ जानेवारीनंतरचा दिवस १७ जानेवारी म्हणून मोजला गेला. म्हणून सोळाव्या शतकातील त्याआधीच्या तारखेत दहा दिवस मिळवल्याशिवाय ऋतूंची तुलना जुळत नाही. धूमकेतूच्या पत्रकावरची १२ नोव्हेंबर ही तारीख आपल्या हिशेबाने २२ नोव्हेंबर होते. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे.

वर्ष सरले की पंचांग रद्दी होई. जुन्या पंचांगांची कित्येक पाने दुसऱ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत डकवलेली सापडली आहेत. बांधणी करणाऱ्याला फुकटचा कागद हवा होता, एवढेच त्यामागचे कारण.