कृत्रिम प्रतिध्वनि

वसईच्या खाडीवरील घोडबंदराकडे मुंबईहून जाणारा जुना घोडबंदर रस्ता वांद्र्यावरून मालाडास येत असे. त्याच्या मुंबईंतील भागास आज स्वामी विवेकानंद मार्ग म्हणतात. गाण्यांतील प्रतिध्वनीच्या इतिहासाचें एक पान याच वाटेवरच्या मालाडाशीं निगडित आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असेल.

मालाडच्या बॉम्बे टॉकीजनें १९४९ सालीं 'महल' हा बोलपट काढला. त्यांतील 'आयेगा आनेवाला' या गीतांत गाणारी दुरून जवळ येत आहे असा भास हवा होता. म्हणून मायक्रोफोन मध्यभागीं ठेवून लता मंगेशकर दुरून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. तें अंतर खरोखरच पायांनीं तोडावें लागलें.

ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. सतरा मीटरांहून दूरच्या भिंतीवरून परतलेला आवाज कानास वेगळा ऐकूं येतो, तो प्रतिध्वनि. जवळच्या भिंतींवरून परतलेले आवाज एकमेकांत मिसळून रेंगाळतात, तो निनाद. पुढें हें भिंतींचें काम यंत्रांनीं उचललें. १९५७ सालीं जर्मनींत टांगलेल्या पोलादी पत्र्यापासून निनाद मिळविणारें यंत्र निघालें. १९७४ सालीं जपानच्या रोलँड कंपनीनें फिरत्या चुंबकीय फितीवर प्रतिध्वनि उमटविणारी पेटी काढली. आज तेंच सामर्थ्य वादकाच्या पायाखालच्या वीतभर पेडलमध्यें मावतें.

पेडलच्या एका खुंटीनें स्वर परतण्याचा काळ ठरतो, दुसरीनें पुनरावृत्तींची संख्या, तिसरीनें मूळ व परतलेल्या स्वरांचें प्रमाण. मिनिटास १२० मात्रांची लय असेल, तर एका मात्रेचा काळ अर्धा सेकंद. तेवढा काळ ठेवल्यास प्रतिध्वनि लयींत पडतो. पण अर्धा सेकंद म्हणजे पंच्याऐंशी मीटरांवरची भिंत! खुंटी पिळणारा वादक नकळत एवढी वास्तु उभी करीत असतो.

आमचा आक्षेप यंत्रावर नाहीं. प्रत्येक गाण्यासाठीं कोणीं चालत यावें, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. मात्र बेसूर स्वर झांकण्यासाठीं निनाद वाढविण्याची जी संवय आज दिसते, ती आम्हांस घातक वाटते. कारण तेणेंकरून दोष लपतो, सुधारत नाहीं. 'महल'मध्यें दूरत्वाची गरज कथेंतून निघाली होती. पेडलवर पाय ठेवण्यापूर्वीं वादकानें एवढेंच स्वतःस विचारावें: हा स्वर कोठून यावयाचा आहे?