अंगणात घडलेल्या शिक्षिका

लहान मुलांना सांभाळण्यासाठी वेगळे शिक्षण ते कशाला, असे आपल्याकडे अजूनही सहज म्हटले जाते. या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. ते आपण पाहू.

गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. इटलीतील मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत त्यांनी देशी वळणावर आणली. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बालमंदिर काढता येते, पण ते चालविणारी माणसे घडवावी लागतात, हे ओळखून या मंडळींनी अध्यापन मंदिरही चालविले.

पुढे ताराबाईंनी शहर सोडले. १९४५ साली अनुताई वाघ यांच्यासह त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. तेथे हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने आणि माती आली. मुलांना न्हाऊ घालणे हाही शिक्षिकेच्या कामाचा भाग झाला.

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलगी शाळेत येईना, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभारली. मुले गुरे चारीत, म्हणून कुरणशाळाही निघाली. मूल जेथे असेल तेथे शाळा न्यावी, हाच तेथे शिकणाऱ्या शिक्षिकेचा पहिला पाठ होता.

त्या बोर्डीच्या काळात आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आपल्या गावांतही ते आले.

परंतु दसरा-दिवाळी झाली, की आपल्या जिल्ह्यातून हजारो जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. पुढचे कित्येक महिने त्यांचे घर म्हणजे फडाजवळची कोपी. गावात अंगणवाडी आहे, पण मूल तेथे नाही. कोपीशी तान्ह्याला सांभाळीत बसलेली थोरली बहीण ही कोसबाडच्या त्या मुलीचीच बहीण नव्हे काय?

म्हणून आम्हांस असे वाटते, की आपल्या जिल्ह्यातील सेविकेच्या शिक्षणात गाणी-गोष्टींबरोबर कोपीवरची वाडी चालविण्याचाही अनुभव असावा. तिला पाळणा बांधता यावा, वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र बसविता यावीत, आणि हंगाम संपल्यावर मूल पुन्हा गावच्या वाडीत रुळविता यावे. आणि एवढे काम जी करील, तिला शिक्षिकेचा मान व शिक्षिकेचे वेतन देण्यास आपण तयार असले पाहिजे.