दिवा कशासाठी होता?

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा मी पंचवीसेक वर्षे शिकवला. हातात दिवा, मुद्रेवर करुणा, खाटांवर जखमी शिपाई. तो दिवा कशासाठी, हे मुलांनी कधी विचारले नाही आणि मास्तरांनाही सुचले नाही.

सुचले ते वडिलांच्या आजारपणात. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस. फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी "रात्र कशी गेली?" असे विचारले. वडील आयुष्यभराच्या सवयीने "बरी" म्हणाले. ताप नव्हता. मागाहून आलेल्या सिस्टरने विचारले, "अज्जा, एष्टु तास मलगिद्री?" (तास तरी आपल्या दोन्ही भाषांत एकच!) झोप जेमतेम अर्धा तास झाली होती. मग तिने घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजले. २८ भरले. विसावलेल्या प्रौढ माणसाचे साधारण १२ ते २० असतात. तिने डॉक्टरांना जिन्यातूनच परत बोलावले. आतड्याची शिवण उसवली होती. दुपारी पोट पुन्हा उघडावे लागले. वडील पुढे ११ वर्षे जगले.

घरी आल्यावर मी नाइटिंगेलबाईंचे १८५९ सालचे 'नोट्स ऑन नर्सिंग' मिळवून वाचले. बाई नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या आणि १८५६ साली परतल्या. त्या अनुभवानंतरच्या या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. झोपेविषयी मोघम विचारू नये, किती तास आणि कोणत्या वेळी ते विचारावे, असे बाई बजावतात. आमच्या सिस्टरचा प्रश्न तो हाच! रोगी जेवत नाही, याचीही त्या चार कारणे देतात: स्वयंपाक बिघडला, पदार्थ चुकीचा निवडला, वेळ चुकली, किंवा भूकच नाही. चारांवर उपाय चार. यातले कोणते, हे खाटेजवळ उभ्या असलेल्या बाईनेच ठरवायचे. नुसती करुणा तिथे पुरत नाही. आम्ही मात्र मुलांना करुणाच शिकवली.

पुढे आकडे आले. १८६८ साली लाइपझिगच्या वुंडरलिख यांनी रोग्यांच्या तापमानावर ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास इंग्लंडात ऑलबट यांनी सहा इंची थर्मामीटर केला. हळूहळू ते परिचारिकेच्या हाती आले. तक्ता तिने भरायचा आणि त्याचा अर्थ डॉक्टरांनी लावायचा, अशी वाटणी रूढ झाली. तिला काय वाटते, याला रकाना नव्हता.

१९८४ साली अमेरिकेच्या पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिकांचे अनुभव गोळा करून दाखवले की मुरलेली परिचारिका सुटे आकडे नव्हे, सगळा माणूस एकदम पाहते. १९९० साली सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात तातडीचे पथक सुरू झाले. अशा पथकांना बोलावण्याच्या कारणांत 'रुग्णाची काळजी वाटते' हेही पुढे मान्य झाले. ब्रिटनमध्ये २०१२ साली देशभरासाठी गुणांकनाचा तक्ता आला. त्यात श्वासांची गती पहिली.

वडिलांचा तक्ता मी त्या दुपारी पाहिला. आदल्या दोन दिवसांत श्वासांच्या रकान्यात प्रत्येक वेळी २०, २०, २०. कोणी मोजले असतील असे वाटेना. मी सिस्टरकडे पाहिले. ती काही बोलली नाही. त्या नोंदींखाली तिने २८ लिहिले होते आणि शेजारी वेळ, सकाळी ९ वाजून १० मिनिटे.