तराजू आणि वाटी

पाळीव पक्ष्याला काय खायला घालावं, हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असतं. किती घालावं, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. पक्षी पाळण्याची आपली रीत फार जुनी आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये पोपट-मैनांना बोलायला शिकवणं येतं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात राजाच्या करमणुकींमध्ये ससाण्यांची शिकार आणि कबुतरांचे खेळ यांना स्वतंत्र जागा आहे. या दीर्घ इतिहासात एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या पक्ष्याकडून काम करून घ्यायचं होतं त्याचा खुराक माणसाने तोलून दिला आणि ज्याच्यावर नुसती माया करायची होती त्याची वाटी भरून ठेवली. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची आजची बरीच दुखणी या भेदातून आलेली आहेत, असं माझं म्हणणं आहे.

तोलण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या आइन-ए-अकबरीत सापडतो. अकबराच्या दरबारी वीस हजारांहून अधिक कबुतरं होती आणि त्यांच्या दाण्याचा हिशेब कामानुसार ठरलेला होता. शंभर उडत्या कबुतरांना चार शेर, न उडणाऱ्यांना पाच शेर आणि जोडी लावलेल्यांना साडेसात शेर. अकबरी शेर सुमारे ६३० ग्रॅमचा धरला, तर उडत्या कबुतराच्या वाट्याला रोज साधारण २५ ग्रॅम दाणा येतो आणि जोडीतल्या कबुतराला ४७ ग्रॅम. आजचे कबुतरबाज एका कबुतराला दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास दाणा देतात. चारशे वर्षांपूर्वीचा अंदाज इतका जवळचा होता. दाण्याचा प्रकारही वेगळा असे. उडणाऱ्यांना एकच बारीक भरड धान्य, तर इतरांना तांदूळ, हरभऱ्याची डाळ, मुगाची डाळ, ज्वारी, बाजरी अशी सात धान्यांची मिसळ. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत काटा आणखी बारीक होता. मोठ्या बाजाला सात दाम वजनाचं, म्हणजे सुमारे १४५ ग्रॅम मांस मिळे, लहान जातींना त्याहून कमी, आणि संध्याकाळच्या चिमण्याही मोजूनच दिल्या जात.

यावर कोणी म्हणेल, ही तर कारकुनी झाली. कोठारातून दाणा चोरीला जाऊ नये म्हणून लिहिलेला हिशेब, त्यात पक्ष्याचं हित कुठे आलं? आक्षेपात तथ्य आहे. आइन-ए-अकबरी हा राज्यकारभाराचा ग्रंथ आहे आणि त्यात हत्ती-घोड्यांपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळ्याचीच नोंद आहे. पण केवळ चोरी टाळायची असती, तर सरसकट एकच आकडा पुरला असता. जोडीतल्या कबुतराला जवळपास दुप्पट दाणा द्यायचा, कारण त्याला पिलांनाही भरवायचं आहे; उडणाऱ्याचं अंग हलकं राखायचं. ही समज पक्ष्याकडे रोज बारकाईने पाहणाऱ्यांची आहे, ती कारकुनाला सुचणारी नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ससाण्याचं मांस तोलत, ते त्याची भूक जागी राहावी म्हणून. भरल्या पोटी तो शिकारीवर झडप घालत नाही आणि हातावर परतही येत नाही. म्हणजे मोजमाप करुणेतून जन्मलेलं नाही, हे मान्य करायलाच हवं. पण तराजू घेताना त्यामागचा हेतूही घ्यावा लागत नाही. पक्षी खातो किती आणि खर्च करतो किती, याचा मेळ घातला पाहिजे, ही त्या पारध्यांची शिकवण आजही खरी आहे.

घरातल्या पोपटाच्या वाटीचा इतिहास वेगळा आहे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची हा राघूचा खुराक आपल्याला अनादि वाटतो. प्रत्यक्षात मिरची आणि पेरू दोन्ही अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आल्यानंतर, सोळाव्या शतकापासून ते इथे रुजले. मानसोल्लासाच्या काळातल्या एकाही पोपटाने मिरची खाल्लेली नाही. तरीही ती निवड उत्तम ठरली. मिरचीचा तिखटपणा सस्तन प्राण्यांना झोंबतो, पक्ष्यांना नाही. म्हणूनच रानात मिरचीच्या बिया पक्षी पसरवतात. शिवाय मिरचीत, विशेषतः पिकून लाल झालेल्या मिरचीत, शरीराला ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवता येतं ते द्रव्य भरपूर असतं, आणि नुसत्या बियांवर वाढवलेल्या पोपटाला नेमकी त्याचीच उणीव भासते. सूर्यफूलही अमेरिकेचंच, भारतात त्याची तेलबिया म्हणून लागवड १९६९च्या सुमारास सुरू झाली. बीचा गर जवळजवळ निम्मा तेलाचा असतो. पोपट तो आवडीने खातो आणि देणाऱ्याला समाधान वाटतं, पण दिवसभर हलायला जागा नसलेल्या पक्ष्याच्या अंगावर आणि यकृतात ती चरबी साचते. तेव्हा ज्याला आपण परंपरा म्हणतो ती वाटी काळाबरोबर बदलत आली आहे. एका बदलाने पक्ष्याचं भलं झालं, दुसऱ्याने नुकसान. वाटीतला पदार्थ जुना की नवा, यावरून त्याची योग्यता ठरत नाही.

पोट भरलं म्हणजे पोषण झालं, हा समज तर एका पाळीव पक्ष्यानेच मोडून काढला. १८९०च्या सुमारास बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घालत होते. तो बंद होऊन बिनसडीचा तांदूळ सुरू झाला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. पुढे कासिमिर फुंक याने लंडनमध्ये सडीचा तांदूळ घालून आजारी पाडलेली कबुतरं तांदळाच्या कोंड्याच्या अर्काने बरी केली, आणि १९१२ मध्ये अशा द्रव्यांना नाव दिलं, जे आपण आज व्हिटॅमिन म्हणून उच्चारतो. आइकमानला १९२९चं नोबेल मिळालं. माणसाच्या आहारशास्त्राचा एवढा मोठा धडा कोंबड्या-कबुतरांनी दिला, आणि घरातल्या पक्ष्याला मात्र आपण अजून एकाच दाण्यावर ठेवतो.

राहिला एक नेहमीचा युक्तिवाद: रानातल्या पक्ष्याला कोण मोजून देतं? त्याला आपली भूक कळते. खरं आहे, पण रानातला राघू मैलोन्‌मैल उडतो, ऋतूप्रमाणे कळ्या, फळं, शेंगा, कणसं बदलत राहतो, आणि बऱ्याच गोष्टी टोचून टाकूनही देतो. पिंजऱ्यात ही निवडही नाही आणि ते उड्डाणही नाही. उरते ती फक्त चव. देशी पोपट पकडणं, विकणं वा पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तसंच असायला हवं. आज घरोघरी दिसणारा छोटा परदेशी पोपट, म्हणजे बजी, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशातला. जॉन गूल्डने तो १८४० मध्ये इंग्लंडला नेला आणि तिथून तो जगभर पिंजऱ्यांत गेला. तीस-चाळीस ग्रॅमचा हा पक्षी प्रत्येक दाणा सोलून खातो आणि फोलपट वाटीतच पडतं. वरवर पाहता राळ्याने भरलेली दिसणारी वाटी पुष्कळदा निव्वळ फोलपटांची असते, आणि पक्षी उपाशी राहतो. सतत काठोकाठ भरली जाणारी वाटी त्याला लठ्ठ करते; फुंकर न मारलेली वाटी त्याचा जीव घेऊ शकते.

म्हणून पक्षी पाळणाऱ्यांना एकच विनंती आहे. बजीला रोज एक-दोन चहाचे चमचे राळे आणि इतर बारीक धान्य, सोबत कोथिंबीर, पालक, गाजर. सूर्यफूल क्वचित, आणि अवोकाडो-चॉकलेट कधीच नाही. आणि आठवड्यातून एकदा त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवून वजन लिहून ठेवा. वजन घटलं किंवा वाढलं, तर पशुवैद्याकडे न्या. बादशहाच्या कबुतरांना जेवढं लक्ष मिळालं, तेवढं आपल्या मायेच्या पक्ष्यालाही मिळायला हवं.